खिडक्या बदलण्याआधी नकाशा बघा: विमानांचा आवाज, ६५ डेसिबल आणि मदतीचं गणित

पहाटे ५ वाजून ४० मिनिटांनी आमच्या घरावरून एक मालवाहू विमान उतरायला जातं. काच थरथरते, आवाज वाढत जातो आणि आमची दीड वर्षाची लेक उठून बसते. गेल्या उन्हाळ्यात माझी मावशी आली होती. ती विलेपार्ल्याची, सगळा जन्म सांताक्रूझ विमानतळाच्या शेजारी गेलेला. "मला नाही बाई काही ऐकू आलं," असं म्हणून तिने चहा टाकला. आम्ही दोघं मात्र वर्षभराच्या अपुऱ्या झोपेने पार पिचलेलो.

आम्ही अमेरिकेत एका मध्यम आकाराच्या शहरात राहतो. घर १९५४ सालचं. घेतलं तेव्हा खिडक्या जुन्या, एका काचेच्या, चौकटीतून वारा येणाऱ्या होत्या. पहिल्याच वर्षी साठवलेले पैसे घालून आम्ही त्या सगळ्या बदलल्या. सात महिन्यांनी विमानतळाकडून पत्र आलं: तुमची गल्ली ध्वनिरोधन योजनेत येते, चाचणीसाठी वेळ ठरवा. चाचणी झाली. आमच्या घरातला आवाज ४३ डेसिबल निघाला, म्हणून आम्ही अपात्र. शेजारच्या आजींनी चाळीस वर्षं खिडक्यांना हात लावला नव्हता. त्यांच्याकडे ४७ निघाला, म्हणून त्या पात्र. त्यांना नव्या ध्वनिरोधक खिडक्या, जाड दारं आणि हवा खेळती ठेवण्याची यंत्रणा, सगळं फुकट मिळालं.

मला आधी राग आला आणि मग कुतूहल वाटलं. माझं संशोधन पदार्थविज्ञानातलं आहे, ध्वनिशास्त्रातलं नाही, पण आकडे समजून घ्यायची सवय आहे. नियम वाचल्यावर लक्षात आलं, की यात कोणी लबाडी केलेली नाही. मदत मिळायची की नाही हे काही ठरावीक आकड्यांवर ठरतं, आणि ते आकडे आपल्या कानांना जे ऐकू येतं त्यापेक्षा वेगळे असतात. हे आम्हाला आधी माहीत असतं तर खिडक्यांना हात लावला नसता.

पहिला आकडा आहे ६५. अमेरिकेत विमानांचा आवाज 'डीएनएल' नावाच्या मापाने मोजतात, म्हणजे दिवस-रात्र सरासरी पातळी. वर्षभरातल्या सगळ्या विमानांच्या आवाजाची ऊर्जा एकत्र करायची, ती दिवसाच्या २४ तासांवर पसरायची, आणि रात्री १० ते सकाळी ७ या वेळातल्या प्रत्येक विमानाला १० डेसिबल जास्तीचे लावायचे. डेसिबल हे लॉगरिथमचं माप आहे. १० डेसिबल जास्त म्हणजे ऊर्जा दहापट. म्हणजे हिशेबात रात्रीचं एक विमान दिवसाच्या दहा विमानांबरोबर धरलं जातं.

उदाहरण घेऊ. समजा, एक विमान घरावरून जाताना जेवढी ध्वनिऊर्जा सोडतं ती सगळी एका सेकंदात कोंबली, तर ९५ डेसिबल भरते. अशी विमानं फक्त दिवसा जात असतील, तर डीएनएल ६५ व्हायला रोज ८७ विमानं लागतात. तीच विमानं फक्त रात्री जात असतील, तर ९ पुरतात. उलट बाजूही बघा. विमानांची संख्या निम्मी झाली तरी आकडा फक्त ३ डेसिबलने उतरतो. "आमच्याकडे विमानं दुप्पट झाली आणि नकाशावरची रेषा जेमतेम एक गल्ली सरकली" अशी तक्रार लोक करतात, तिचं उत्तर या लॉगरिथममध्ये आहे.

दुसरी गोष्ट मला स्वतःला चकित करणारी होती. नकाशावरचा हा आकडा मोजलेला नसतो, गणलेला असतो. कोणत्या धावपट्टीवरून, कोणत्या जातीची, किती विमानं, कोणत्या वेळी आणि कोणत्या मार्गाने गेली, हे सगळं 'एफएए'च्या, म्हणजे संघराज्याच्या विमानवाहतूक खात्याच्या, संगणक प्रारूपात घालतात. त्यातून डोंगराच्या नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या रेषा निघतात: ६५, ७०, ७५. तुम्ही विमानतळाच्या तक्रार क्रमांकावर शंभर वेळा फोन केलात तरी रेषा हलत नाही. तक्रारी निरुपयोगी आहेत असं नाही, उड्डाणाचे मार्ग आणि वेळा यांच्या चर्चेत त्यांना वजन असतं. पण खिडक्यांचे पैसे त्यांच्यावर ठरत नाहीत. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी एक टीप: तिथे 'सीएनईएल' नावाचं जवळचंच माप वापरतात. त्यात संध्याकाळी ७ ते १० या वेळालाही सुमारे ५ डेसिबलची वाढ धरतात.

आणि हे ६५ आलं कुठून? १९७८ साली थिओडोर शुल्ट्झ या ध्वनितज्ज्ञाने निरनिराळ्या देशांतली सर्वेक्षणं एकत्र करून एक वक्ररेषा काढली: एवढा आवाज असेल तर किती टक्के लोक 'अतिशय त्रस्त' असतात. त्यानंतर सुधारलेल्या रेषेवर ६५ ला साधारण १२ टक्के येतात. शुल्ट्झच्या कामानंतर लवकरच अमेरिकेत विमानतळाच्या आवाजाबद्दलचा कायदा झाला आणि त्यावरून बनलेल्या नियमांत ६५ हा उंबरठा पक्का झाला. २०२१ मध्ये एफएएने २० विमानतळांभोवतालच्या १०,००० हून अधिक लोकांचं नवं सर्वेक्षण जाहीर केलं. त्यात ६५ ला अतिशय त्रस्त असणारे लोक १२ नव्हे, साधारण ६० ते ७० टक्के निघाले. नियमातला ६५ मात्र जागच्या जागी आहे. माझ्या मते हा उंबरठा आता विज्ञानाला धरून राहिलेला नाही. पण तो खाली आणायचा तर पात्र घरांची संख्या प्रचंड वाढेल, आणि पैसा कुठून आणायचा हा प्रश्न उभा राहील, हेही खरं.

आता पैसा. हा थेट तुमच्या करातून येत नाही, तुमच्या तिकिटातून येतो. पुढच्या वेळी मुंबईचं तिकीट काढाल तेव्हा करांची फोड उघडून बघा. 'एक्सएफ' अशी एक ओळ दिसेल. तो पॅसेंजर फॅसिलिटी चार्ज, एका विमानतळावर चढण्याचे जास्तीत जास्त ४.५० डॉलर. विमानतळ त्यातला काही भाग ध्वनिरोधनावर खर्च करू शकतो. दुसरा झरा म्हणजे एफएएचं विमानतळ सुधारणा अनुदान, आणि तेही मुख्यतः तिकिटांवरच्या व विमानांच्या इंधनावरच्या करांतूनच भरतं. मोठ्या आणि मध्यम विमानतळांना अशा कामासाठी साधारण ८० टक्के रक्कम अनुदानातून मिळते, उरलेली विमानतळाने घालायची.

यातून निघणारी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की अनुदान तुम्हाला मिळत नाही, विमानतळाला मिळतं. तुमच्या हातात चेक येत नाही. विमानतळ निविदा काढतो, कंत्राटदार नेमतो आणि तो तुमच्या घरी येऊन काम करतो. त्यामुळे आधी स्वतः काम करून मग बिलं पाठवायची सोय सहसा नसते. आम्ही बिलं पाठवून पाहिली. उत्तर सभ्य होतं, पण नकाराचं.

शिवाय हा सगळा कार्यक्रम विमानतळासाठी ऐच्छिक आहे. आधी विमानतळाने आवाजाचा नकाशा आणि आराखडा तयार करून एफएएकडे द्यावा लागतो. काही विमानतळ यात फार पुढे आहेत. सॅन फ्रान्सिस्कोने १९८० च्या दशकापासून आजूबाजूच्या गावांतली हजारो घरं करून दिली आहेत. बॉस्टनच्या लोगन विमानतळाने पाच हजारांवर घरं आणि तीसहून अधिक शाळा केल्या. काहींनी अजून नकाशाही केलेला नाही. अशा ठिकाणी तुमचं घर धावपट्टीच्या तोंडाशी असलं तरी अर्ज करायला जागाच नाही.

नकाशा असेल आणि तुम्ही ६५ च्या आत असाल, तर पुढचा आकडा वर्षाचा. १ ऑक्टोबर १९९८ नंतर बांधलेल्या घरांना सहसा मदत मिळत नाही. विमानतळाचा आवाज माहीत असताना तिथे घर बांधलं, तर तो बांधणाऱ्याचा निर्णय, असा त्यामागचा विचार. आपल्या मंडळींना हा नियम जास्त जाचतो, कारण आपण बहुतेक जण नवीन टाउनहाउसच्या मागे असतो. जुनं घर आज विकत घेतलंत तरी हरकत नाही, पात्रता घराच्या वयावर असते, मालकी कधी आली त्यावर नाही. मात्र नकाशा जाहीर झाल्यानंतर घर घेणाऱ्याला आवाजाबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावणं कायद्याने फार अवघड केलं आहे. भाड्याने राहात असाल तर अर्ज घरमालकाने करायचा. काँडो असेल तर असोसिएशनची संमती लागते.

मग येतो शेवटचा आकडा, ज्यावर आम्ही आपटलो: ४५. बाहेर ६५ असून भागत नाही, दारं-खिडक्या बंद करून घराच्या आत सरासरी ४५ किंवा त्याहून जास्त आवाज असला पाहिजे. साधारण अमेरिकन घर खिडक्या बंद असताना बाहेरचा आवाज सुमारे २० डेसिबलने कमी करतं. ६५ वजा २० म्हणजे ४५. हिशेब जुळतो तो इथे. चाचणीत बाहेर मोठा स्पीकर लावून ठरावीक खरखर सोडतात आणि आत-बाहेर मायक्रोफोन ठेवून फरक मोजतात. राहत्या खोल्या धरतात, न्हाणीघर, बोळ, कपाटं धरत नाहीत. आमच्या गल्लीत बाहेरचा आकडा ६६. आजींचं घर १९ डेसिबल कमी करतं, आत ४७. आमचं २३ कमी करतं, आत ४३. आमच्या खिडक्यांनी मिळवलेल्या ४ डेसिबलनी आम्हाला योजनेबाहेर काढलं.

म्हणजे आमचं घर शांत झालं का? नाही, आणि इथलं भौतिकशास्त्र मला फार आवडतं.

साध्या दुहेरी काचेच्या खिडक्या उष्णतेसाठी बनवलेल्या असतात. ३ मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये सुमारे १२ मिलिमीटर हवा. आता दोन वजनं आणि मध्ये स्प्रिंग अशी कल्पना करा: काचा ही वजनं, कोंडलेली हवा ही स्प्रिंग. अशा जोडीची स्वतःची एक कंपनसंख्या असते, आणि या मापांना ती २८० हर्ट्झच्या आसपास येते. त्या सुरावर दोन्ही काचा मिळून डोलतात आणि आवाज अडवण्याऐवजी आत पोचवतात. विमानाच्या घरघरीत नेमकी या पट्ट्यात भरपूर ऊर्जा असते. तेच अंतर १२ मिलिमीटरऐवजी १० सेंटिमीटर केलं, तर ती कंपनसंख्या १०० हर्ट्झपर्यंत खाली येते आणि वरचा बराचसा आवाज अडतो. आजींच्या नव्या खिडक्यांत हेच केलं आहे: मुख्य खिडकी, मोठी पोकळी, मग दुसरी खिडकी, आणि दोन्ही काचांची जाडी वेगवेगळी, म्हणजे दोघींचा कच्चा सूर एक होत नाही.

मग आमचे ४ डेसिबल कुठून आले? बहुतेक फटी बुजल्यामुळे. आवाज पाण्यासारखा वागतो, सगळ्यात सोपी वाट शोधतो. झोपायच्या खोलीची बाहेरची भिंत १२ चौरस मीटर धरा. त्यात ८० टक्के भिंत, जी ५० डेसिबल अडवते, आणि २० टक्के खिडकी, जी २५ अडवते. दोन्ही मिळून किती? सरासरी ४५ नव्हे. ३२. कारण जवळजवळ सगळा आवाज खिडकीतून येतो. आता पैसे खर्चून भिंत ६० ची करा: एकूण अजून ३२ च. त्याऐवजी खिडकी ३५ ची करा: एकूण ४१ च्या वर. आणि मग त्याच भिंतीत खिडकीच्या एसीच्या बाजूला १२० चौरस सेंटिमीटरची फट राहू द्या, म्हणजे क्षेत्रफळाच्या हजारात एक भाग. एकूण ३० च्याही खाली. नवी खिडकी वाया.

म्हणूनच भिंतीला फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवून विमान थांबत नाही. फोम खोलीतला प्रतिध्वनी शोषतो, बाहेरून येणारा आवाज अडवायला वजन आणि हवाबंदपणा लागतो. जाड पडद्यांचंही तेच. खिडकी घेताना विक्रेता 'एसटीसी' आकडा सांगेल, पण तो १२५ हर्ट्झपासून पुढचंच बघतो आणि मुळात घरातल्या बोलण्याच्या आवाजासाठी बनला आहे. विमानासाठी 'ओआयटीसी' विचारा. तो ८० हर्ट्झपासून मोजतो आणि वाहतुकीच्या आवाजासाठीच बनवलेला आहे.

अजून एक बारकावा. ६५ आणि ४५ हे दोन्ही आकडे 'ए-भारित' असतात, म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे खालचे सूर कमी धरलेले. १०० हर्ट्झचा आवाज त्यात १९ डेसिबल कमी मोजला जातो. त्यामुळे कागदावर ४३ आणि काच तरीही थरथरते, यात विसंगती काहीच नाही.

मावशीबद्दलही सांगायला हवं, कारण "सवय होते हो" हे वाक्य आपल्याकडे हमखास ऐकू येतं. जाग येण्याची सवय खरंच काही प्रमाणात होते. शरीराची पूर्ण होत नाही. हीथ्रोसह युरोपातल्या सहा विमानतळांजवळच्या रहिवाशांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रात्रीच्या विमानांचा आवाज आणि उच्च रक्तदाब यांचा संबंध दिसला. मुलांबाबत म्युनिकचं उदाहरण बोलकं आहे. १९९२ मध्ये तिथला जुना विमानतळ बंद होऊन नवा दुसरीकडे सुरू झाला. संशोधक आधीपासून दोन्हीकडच्या मुलांच्या चाचण्या घेत होते. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारलं, आणि नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं खालावलं. मी हे वाचलं ती रात्र आमची तशीही झोपेची नव्हतीच.

तेव्हा विमानतळाजवळ राहात असाल, किंवा घर बघत असाल, तर खिडकीवाल्याला फोन करण्याआधी विमानतळाच्या ध्वनी कार्यालयाला फोन करा. नकाशा आहे का, कुठल्या सालचा, आणि माझा पत्ता कुठल्या रेषेत, एवढं विचारा. रेषा तुमच्या गल्लीच्या मधून जात असेल तर हिरमुसू नका. गल्लीचे दोन तुकडे होऊ नयेत म्हणून रेषेलगतची घरंही सामावून घेण्याची मुभा असते, तेव्हा तेही विचारा. यादीत नाव घातल्यावर काही वर्षं थांबावं लागू शकतं, कारण अनुदान टप्प्याटप्प्याने येतं आणि जास्त आवाजाची घरं आधी घेतात. त्या काळात खिडक्या आणि बाहेरची दारं बदलू नका. गळकी खिडकी सांभाळत बसणं विचित्र वाटतं, पण नियम तसा आहे.

पात्र ठरलात तर दोन गोष्टी नीट बघा. घरातलं वायरिंग वगैरे नियमबाह्य असेल तर ते दुरुस्त करायचा खर्च अनुदानातून होत नाही, तो तुमचा. आणि बरेच विमानतळ बदल्यात 'ॲव्हिगेशन ईझमेंट' वर सही मागतात. म्हणजे घरावरून विमानं नेण्याचा आणि त्या आवाजाचा हक्क तुम्ही लिहून देता. तो घराच्या कागदांना कायमचा चिकटतो, पुढच्या मालकालाही बांधतो. आजींनी सही केली, त्यांच्या जागी मीही केली असती. पण सही करण्याआधी वकिलाला एकदा दाखवलेलं बरं, विशेषतः पुढे विमानं वाढली तर काय, हे कलम.

चाचणीत ४५ च्या खाली आलात तरी लगेच फाइल मिटवू नका. घरात एसी किंवा हवा खेळती ठेवणारी यंत्रणा नसेल, तर खिडक्या बंद ठेवता येणार कशा? अशा घरांना निदान ती यंत्रणा देण्याची तरतूद एफएएच्या मार्गदर्शनात आहे. आमच्याकडे एसी होता, त्यामुळे तेही हुकलं.

ब्रिटनमधल्या वाचकांसाठी थोडक्यात: तिकडे मोजमाप वेगळं आहे. सकाळी ७ ते रात्री ११ या १६ तासांची सरासरी धरतात, रात्रीचा हिशेब स्वतंत्र. सरकारच्या २०१३ च्या धोरणानुसार ६३ डेसिबल किंवा जास्त असलेल्या घरांना विमानतळाने ध्वनिरोधनासाठी मदत देऊ करावी अशी अपेक्षा आहे, आणि ६९ च्या वर असाल तर घर सोडून जाण्याच्या खर्चातही मदत. योजना प्रत्येक विमानतळाची स्वतःची असते. हाउन्स्लो-साउथॉल भागात राहणाऱ्यांनी हीथ्रोची योजना बघावी. तिथे तुमचं सगळं काम फुकट होईल की वाटा उचलावा लागेल, हे आधी लेखी घ्या.

आमचं पुढे काय झालं? बाळाच्या खोलीच्या खिडकीला आतून ६ मिलिमीटर जाडीचा ॲक्रिलिकचा पत्रा बसवला, नव्या काचेपासून १० सेंटिमीटरवर, कडेने रबरी पट्टी लावून. जुन्या एक्झॉस्टचं भोक बुजवलं. नवऱ्याने दोन शनिवार घालवले. अमेरिकी सरकारच्या एनआयओएसएच संस्थेचं आवाज मोजायचं मोफत ॲप आयफोनवर मिळतं, त्याने आधी आणि नंतर मोजलं. फोनचा आकडा खात्रीचा धरू नये, पण एकाच फोनने एकाच जागी मोजलेला फरक उपयोगी असतो. ५ वाजून ४० मिनिटांच्या विमानाला तो ६ डेसिबल आला. आठवड्यातले चार दिवस लेक झोपून राहते. उरलेले तीन दिवस विमान अजूनही जिंकतं.